आतली कडी

या, जवळ सरकून बसा. एका लेकराची गोष्ट सांगायची आहे, आणि ती मोठ्यानं सांगण्यासारखी नाही.

मुलगी सात वर्षांची. घरातल्या मारहाणीतून एकटीच सुटून तीन आठवड्यांपूर्वी बालगृहात आली होती. सगळे तिला चिमुरडी म्हणत. कुठे पाऊल वाजलं की ती कपाटामागे शिरायची, ती निघता निघायची नाही. तोंडातून शब्द नाही. शेवटी तिला सांभाळणाऱ्या मावशींनी हट्टच धरला: पोरीच्या खोलीला आतून कडी हवी, तिचं दार तिच्या हातात असू दे. मुलांच्या खोल्यांना आतून कडी नाही, हा तिथला नियम. अधीक्षकबाई आढेवेढे घेत तयार झाल्या, पण बजावून. यानंही गुण आला नाही, तर पोरीला मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. मावशींना ते नको होतं. तिथे रोज नवी माणसं. पोर पुरती मिटून जाईल.

दुपारी सुतारानं कडी बसवली, पोरीच्या हाताला येईल इतकी खाली. इथे मांजर राहायला येणार आहे का, असं त्यानं विचारलं, तशा मावशी हसल्या. तेवढ्यात त्याच्या हातून हातोडी निसटली आणि दाणकन फरशीवर आदळली.

चिमुरडी आत पळाली. दार आपटलं. पण कडी काही वाजली नाही. बोटभर फट राहिली आणि त्या फटीतून दातावर दात वाजल्याचा आवाज येऊ लागला.

मावशींनी सुताराला हातानंच लांब जायला सांगितलं आणि दारापाशी फरशीवर बसकण मारली. मनात देवाचा धावा करत त्या हलकेच म्हणाल्या, "लाव कडी, बाळा. घाबरू नकोस. मी आहे ना बाहेर."

आतून किंकाळी फुटली. फटीतून इवलासा हात आला. त्यानं मावशींचं मनगट पकडलं आणि जीव खाऊन आत ओढलं.

"तू बाहेर नको थांबू. आई पण असंच म्हणाली होती."

मावशी रांगतच आत गेल्या. चिमुरडीनं कडी लावली, दोनदा चाचपून पाहिली, आणि मगच त्यांच्या मांडीत डोकं खुपसून रडली.

देवापुढे हात जोडाल तेव्हा या लेकरासाठी मागालच. तिच्या आईलाही आठवा. ती दाराबाहेर राहिली होती.