जुनी भाडेकरू

हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये शेठ व्यासपीठावर येरझारा घालत यशाचे मंत्र वाटत होते. शहरातल्या निम्म्या इमारती त्यांच्या, त्यामुळे लोक कानात प्राण आणून ऐकत होते. "मालमत्तेच्या धंद्यात दयामाया केलीत की बुडालात!" शेठ गरजले.

पार्लरवाली तिसऱ्या रांगेत नणंदेशेजारी बसली होती. शेठचं एकेक वाक्य ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. तरी प्रश्नोत्तरं सुरू होताच ती उभी राहिली आणि जमेल तेवढ्या मऊ आवाजात म्हणाली, "सर, जुनी भाडेकरू दुकान सोडतच नाही. करारही तिच्या बाजूने आहे. काय करावं?"

"अहो ताई, सोपं आहे!" शेठ खुलले. "भांडायचं नाही. गोड बोलायचं आणि गुपचूप पाण्याची लाइन तोडायची. विचारलंच तर सांगायचं, पाइप जुना झालाय. माझ्याच एका दुकानात सध्या हेच चाललंय. बाई पार मेटाकुटीला आलीय. स्वतःहून किल्ली आणून देते की नाही, बघाच!"

हॉलभर हशा पिकला, टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत पार्लरवाली उभीच होती.

 

 

"ती बाई मीच, शेठ. तुम्ही दुकानाकडे कधी फिरकलाच नाहीत, म्हणून ओळखलं नाहीत. आणि आता तुमचं बोलणं जिने मोबाइलवर रेकॉर्ड केलं ना, ती ही माझी नणंद, कोर्टात माझी वकील."