टकटक

"एकही कॅसेट खाली उतरणार नाही," स्टुलावर चढून मुलगी म्हणाली. तिच्या पाठीमागे मामाचं कपाट होतं, आणि कपाटात पार छतापर्यंत भुतं.

भुतंही साधीसुधी नाहीत, विलायती. धुक्यातल्या हवेल्या, मेणबत्ती घेऊन एकट्याच जिना चढणाऱ्या बायका, डोक्यावरची हॅट न हलू देता खून करणारे सभ्य गृहस्थ. जुन्या ब्रिटिश भयपटांच्या या कॅसेटी मामाने बंद पडणाऱ्या व्हिडिओ लायब्रऱ्यांतून, टपालाने, कधी न भेटलेल्या माणसांशी अदलाबदल करून जमवल्या होत्या.

आई खाली रिकामी खोकी घेऊन उभी होती. "भंगारवाला आत्ता येईल. या भिंतीला तुझं टेबल लागणार आहे. तुझ्याचसाठी चाललंय हे सगळं, बाईसाहेब."

"मला विचारलंस?"

"अभ्यास करतेस का, हे तरी कुठे विचारते मी?"

मामा दाराला टेकून चहा पीत होता. बहिणीच्या घरी राहायला आल्यापासून तो कशालाच नाही म्हणत नसे. आताही म्हणाला, "तुझी आई म्हणतेय तर जाऊ दे गं. कोण बघतंय आता."

मुलीने मुद्दामच हाताला आली ती कॅसेट ओढली आणि थबकली. मामाचा एक कायदा होता. सिनेमा संपला की कॅसेट रिवाइंड करायची, मगच कपाटात ठेवायची. सगळ्या कॅसेटींच्या खिडकीतून टेप एकाच बाजूला गुंडाळलेली दिसायची. हिची मात्र दोन्ही बाजूंना सारखी होती.

"मामा, ही अर्धवट कशी?"

मामाने कपात बघितलं. "तिथे तुझी आई उठून पळाली."

"काहीतरीच," आई म्हणाली. "माझी परीक्षा होती."

"सुट्टी होती, चिंगे. खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होतीस. पाय खाली सोडले की कुणीतरी धरतं म्हणायचीस. पडद्यावर दारावर टकटक झाली आणि तू जी सुटलीस ती थेट आईच्या पदराखाली. म्हटलं, परत आलीस की पुढचं बघू." त्याने कप हातात गोल फिरवला. "मग राहूनच गेलं."

आई खोक्याची घडी उगाच पुन्हा उलगडत राहिली.

मुलीने स्टुलावरून उडी मारली. "पैज. आत्ता लावते. उठायचं नाही, डोळे झाकायचे नाहीत, बंद करायचं नाही. शेवटपर्यंत बसलीस तर सगळ्या कॅसेटी मी स्वतः खोक्यात भरीन. नाही बसलीस तर कपाट इथेच राहणार."

"आणि तू जिंकणार, असं तुला वाटतंय."

"वाटत नाही, माहितीये. झुरळ दिसलं की पलंगावर चढतेस तू."

"झुरळ खरं असतं," आई म्हणाली आणि हात पुसून सोफ्याच्या मधोमध बसली. रिमोट तिने आपल्याकडे घेतला. "लाव."

पडदे ओढले. प्लेअर घरघरला, रेषा थरथरल्या, मग चित्र स्थिर झालं. एक सराई, बाहेर वादळ, आत एकटी बाई आणि विझत आलेला कंदील.

"अमेरिकन भूत आल्या आल्या किंचाळतं," मामा कुजबुजला. "ब्रिटिश भूत आधी दार वाजवतं. मग कुणी उघडेपर्यंत थांबतं."

"दादा, गप."

टकटक.

बाई दारापाशी आली. कोण आहे, असं तिने विचारलं. उत्तर आलं नाही. पुन्हा टकटक, आता अगदी हळू, आतल्या माणसाची झोप मोडू नये अशी. बाईचा हात कडीवर गेला. कडी वर सरकायला लागली.

आईने सहज बाजूला बघितलं. मामाचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. तो तिच्याकडे बघत होता. पहिला घास घेणाऱ्याकडे स्वयंपाक करणारा बघतो, तसा. कप मांडीवर कलला होता, तरी त्याला पत्ता नव्हता.

खट्. पडदा निळा झाला. आईचं बोट रिमोटवर होतं.

"नाही बघवत बाई मला. भीती वाटते," ती म्हणाली. दूध आलंय, हे सांगताना तिचा आवाज असाच असतो.

"हरलीस." मुलीचा आवाज चिरका निघाला. तिने घसा साफ केला. "हरलीस तू."

"हरले. कपाट राहू दे."

आईने कॅसेट काढून खोळीत सरकवली. मामाने हात पुढे केला. "दे इकडे, रिवाइंड करून ठेवतो."

"नको. असू दे तशीच. पुढचं बघू ना पुन्हा केव्हातरी."

मामाने कप तोंडाला लावला. कप केव्हाच रिकामा झाला होता, पण मामा बराच वेळ पीत राहिला.

तेवढ्यात टकटक झाली. या वेळी बाहेरच्या दारावर.

"भंगारवाला असेल," आई म्हणाली. "जा गं, आज काही नाही म्हणून सांग."

मुलगी जागची हलली नाही. पुन्हा टकटक झाली, हळू. मामाने तिच्या पायांकडे बघितलं आणि तोंड फिरवून हसू दाबलं. तेव्हा कुठे तिचंही लक्ष गेलं. गुडघे हनुवटीशी होते, पाय सोफ्यावर, बोटं चादरीत खुपसलेली. आईचे पाय मात्र पहिल्यापासून जमिनीवरच होते.

आई उठली. अंधाऱ्या खोलीतून ती दारापाशी गेली, आणि कोण आहे हेही न विचारता तिने कडी काढली.