मिठापुरता नास्तिक

नैवेद्याचा स्वयंपाक देवाच्या आधी कुणी चाखायचा नाही, असा आमच्या घरचा नियम. त्यामुळे सणाच्या दिवशी आमटी एकतर अळणी, नाहीतर खारट. मी देव मानत नाही असं जाहीर केलं, तेव्हा आई रडली नाही. "नक्की ना?" एवढंच विचारून तिने वाटीत आमटी वाढली. "बघ रे मीठ. तू देवाला मोजत नाहीस, मग देवही तुझं उष्टं मोजणार नाही."

तेव्हापासून गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत कुठेही सत्यनारायण असला, की शिऱ्याची साखर बघायला मलाच बोलावतात. तळमजल्यावरच्या मालनकाकू तर पाहुण्यांना कौतुकाने सांगतात, "हा आमचा नास्तिक."

परवा बाबांना ऑपरेशनला आत नेलं आणि दवाखान्यातल्या गणपतीसमोर माझे हात आपोआप जोडले गेले. आईने पाहिलं. डॉक्टर बाहेर येऊन सगळं नीट झालं म्हणाले, तरी तिचा चेहरा उतरलेलाच. शेवटी ती बाकावर स्तोत्र वाचत बसलेल्या माझ्या बहिणीकडे वळली.



"वेदिका, पोथी मिट. रविवारी गौरी जेवायच्यात, घरात एक तरी नास्तिक लागतो."