चालतं घड्याळ

“दोन्ही वृषणं पोटातच राहिलीत. लहानपणीच ऑपरेशन करून खाली आणायला हवी होती. आता मूल होणं अवघड. हार्मोनही कमी पडतंय, म्हणून हा थकवा, त्यावर इंजेक्शनं देतो,” डॉक्टर म्हणाले. मी दुकानात आलो तेव्हा घड्याळं दुरुस्त करता करता बाबा गिऱ्हाइकाला आपला लाडका किस्सा सांगत होते. “हा तीन वर्षांचा असताना डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू. म्हटलं, पोरगं घरभर उड्या मारतंय की! चालतं घड्याळ कोणी उघडतं का?” गिऱ्हाईक हसत गेलं. बाबांनी पुढेमागे होणाऱ्या नातवासाठी जपलेल्या छोट्या घड्याळाला मग रोजच्यासारखी किल्ली दिली. “काय म्हणाले डॉक्टर?” खिशातला रिपोर्ट मी मुठीत आवळला. “थकवा आहे. इंजेक्शनं घ्यायचीत.” “बघ! उगाच घाबरला होतास.” त्यांनी घड्याळ माझ्या कानाला लावलं. “कसं चालतंय?” “झकास, बाबा,” मी म्हणालो.