काचपट्टी

खिशातली तडकलेली काच ठेकेदार दिगंबरच्या मांडीला टोचत होती.

तळघरासाठी खोल खणायचं तर शेजारच्या घराला आधी आधार द्यायचा, हा कायदा त्याला पाठ होता. पण काम उरकायची घाई नडली. महिन्यापूर्वी शेजारच्या कर्पेकाकूंच्या भिंतीला बारीक चीर गेली, तेव्हा बाहेरून तिच्यावर आडवी काचपट्टी चिकटवून तो म्हणाला होता, "ही तडकली नाही, तोवर भिंत हललेली नाही. निर्धास्त राहा."

आज कामावर येताच पट्टी तडकलेली दिसली. काकू उठायच्या आत त्याने गुपचूप नवी लावली आणि तिच्यावर तारीख मात्र जुनीच घातली.

"काच शाबूत आहे हो!" चहा पुढे करत काकू म्हणाल्या. "रोज बघते ना मी. म्हणूनच तर लेकीला बाळंतपणाला इथे आणायचा धीर झाला. पाळणा याच भिंतीशी बांधलाय. इथे ऊन छान येतं."

आत बाळ रडलं. कप खाली ठेवून दिगंबरने खिशातले दोन तुकडे तळहातावर घेतले.

"काकू, बाळाला आधी त्या खोलीतून बाहेर आणा. खरी काच ही आहे."