कुठल्याही मापाचे

टोकियोतल्या ओजिमात भाड्याचं घर बघायला गेलेल्या उत्तरानं दारातच बूट काढले आणि टोकं बाहेरच्या दिशेला वळवून नीट ठेवले. एजंटबाई मोरी-सान खूश झाल्या. "छान शिकलात हो. एकट्याच राहणार ना? मग तुमच्या बुटांशेजारी पुरुषाचे जुने बूट ठेवत जा. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, घरात पुरुषमाणूस आहे."

नवरा शशांक वारल्यावर त्याचे बूट तिनं आठ महिने दारातून हलवले नव्हते. त्याच्या सॉफ्टवेअर कंपनीनं दिलेलं घर सोडायचं, म्हणून कालच जाळायच्या कचऱ्यात दिले होते.

"माझ्याकडे नाहीत," ती म्हणाली.

"मग विकत आणा. कुठल्याही मापाचे चालतात."

* * *

संध्याकाळी तिसऱ्या दुकानात तिला शशांकच्या मापाचे मिळाले.