रिकामा माळ

"आत कोनाला सोडत नाय. चल, मागं हो."

शुक्राने तारेच्या कुंपणावर काठी आपटली. म्हातारी दोन पावलं मागे सरली. तिच्या हातात पळसाचं पान होतं, पानावर भात आणि उडदाचा वडा. आज पित्रांची अमावास्या.

"माजा मानूस हाय आत," ती म्हणाली. "पान ठिवते नि जाते."

"आत नुसते पॅनल हायेत."

कशेळ्याच्या वरच्या माळावर कंपनीचा सौर प्रकल्प उभा राहिला, त्याला चार महिने झाले होते. माळ रिकामा आहे, इथे कुणाचं काही नाही, असं वाडीने अंगठे उठवून लिहून दिलं, तेव्हा कुठे वाडीतल्या आठ जणांना कामं लागली. पॅनल पुसायचे, गवत कापायचं, राखण करायची. बारमाही काम, तेही घराजवळ. यंदा पहिल्यांदाच आठ घरांना वीटभट्टीवर जावं लागणार नव्हतं. अट एकच होती. वाडीतलं कुणी त्या जागेवर हक्क सांगायला आलं, तर आठही जण घरी. वाडीने तीही निमूटपणे मान्य केली. पोटापुढे दुसरं काय करणार?

सुपरवायझर राजेश चहाचा कप घेऊन केबिनबाहेर आला. "काय म्हणते रे ती?"

"येडी हाय सायेब. कायबी बडबडते."

"तुमच्या वाडीची का?"

"नाय."

"ओळखतोस?"

"नाय सायेब."

म्हातारीने तारेखालून पान आत सरकवलं आणि मुकाट्याने उताराला लागली. शुक्राने पान उचललं आणि तो पॅनलच्या तिसऱ्या रांगेकडे निघाला.

"तिकडे कुठे?" राजेशने हटकलं.

"टाकून येतो."

"इथेच टाक की त्या चरात. नाहीतर उद्या दहा जणी येतील पानं घेऊन."

शुक्रा घुटमळला. राजेश चहा पीत बघत उभा होता. शुक्राने पान चरात उपडं केलं. भात चिखलात पडला.

संध्याकाळी घरी येऊन त्याने गणवेश खुंटीला टांगला. चुलीपुढे बसलेल्या आईने त्याच्या ताटलीत भात वाढला, वर उडदाचा वडा ठेवला.

"ब्येस वरडलास रं माज्यावर," ती म्हणाली. "सायबाला कायबी कळलं नाय. तुज्या बाच्या मातीवर पान ठिवलंस ना?"